एंटरची ड्यूटी

चाळीस वर्षं बटणं दाबून माणूस निवृत्त झाला की लोक त्याच्या पाठीची चौकशी करतात, गुडघ्यांची करतात, बोटांची कुणी करत नाही. लिफ्टमनच्या बोटांचे फार हाल चालले होते. मटार सोलून झाले, टीव्हीचा रिमोट झिजवून झाला, दाराची घंटा नीट वाजते की नाही हे दिवसातून चारदा बाहेर जाऊन पाहून झालं. अकरा मजल्यांच्या सरकारी इमारतीत त्यांनी मंत्र्यांपासून मांजरांपर्यंत सगळ्यांना वरखाली केलं होतं. मग एक दिवस त्यांचं स्टूल उचललं गेलं आणि लोक आपापली बटणं आपणच दाबू लागले.

“दाबतात कसले, कुटतात,” लिफ्टमन म्हणायचे. “एकदा दाबलं की यंत्राला कळतं हो! पण नाही. सहा-सहा वेळा. जशी काही लिफ्ट बहिरीच आहे.”

घरात हे ऐकायला सूनबाई एकटीच होती. मुलगा बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून एकदा येणार, त्यातला निम्मा वेळ झोपणार. कुणाची सून बँकेत असते, कुणाची शाळेत. यांची सून वटवाघळांत होती. गावाबाहेरच्या जुन्या पुलाखाली पाणी जाण्यासाठी बांधलेला एक लांबलचक बोगदा होता. पाणी केव्हाच दुसरीकडे गेलं होतं आणि बोगद्यात नऊ हजार वटवाघळं उलटी लटकून राहत होती. सूनबाईने बोगद्याच्या तोंडाशी ध्वनिमुद्रणाच्या सहा पेट्या टांगल्या होत्या. चौदा महिने त्या पेट्यांनी वटवाघळांच्या चित्कारांची नोंद केली होती. एकेचाळीस लाख चित्कार. माणसाच्या कानाला त्यातला एकही ऐकू येत नाही, हे कळल्यावर लिफ्टमन म्हणाले होते, “बरंय. आमच्या लिफ्टमध्ये सगळे ऐकू यायचे.”

आता तो पूल दुरुस्तीला निघाला होता. बोगद्याला आतून सिमेंटचा फवारा मारून पक्का लेप द्यायचा होता. पुलाच्या इंजिनीयरांना सूनबाईकडून एवढंच हवं होतं, की दिवसाच्या कुठल्या तासांत बोगदा रिकामा असतो. मंगळवारी दुपारी तीनला सांगायचं, बुधवारी काम सुरू. उत्तर चुकलं तर नऊ हजार वटवाघळं भिंतीत चिणली जाणार आणि खाली सूनबाईची सही असणार. तिची नोकरी तशीही सहा-सहा महिन्यांच्या कराराची.

एकेचाळीस लाख नोंदी तिच्या लॅपटॉपला झेपण्यातल्या नव्हत्या. त्यासाठी दूर दुसऱ्या शहरात एका थंडगार इमारतीत हजारभर संगणक एकत्र जुंपून ठेवले होते. त्याला क्लस्टर म्हणतात. अकरा दिवस रांगेत थांबल्यावर सूनबाईला तिथली जागा मिळाली: मंगळवार, सकाळी दहा ते दुपारी चार. आणि अक्कलदाढेने ठणकायला मुहूर्त निवडला तोही मंगळवारच. दंतवैद्याने साडेअकराची वेळ दिली आणि वर सांगितलं, “आज नाही आलात तर उद्या गाल घेऊन दारातून आत येता येणार नाही.”

मंगळवारी सकाळी अकराला सूनबाईने लिफ्टमनना स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवलं. टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर एक काळी खिडकी, खिडकीत पांढरी अक्षरं आणि शेवटी लुकलुकणारा एक चौकोन.

“बाबा, हे नीट समजून घ्या. मी इथे टाइप करते, पण इथे काहीच होत नाही. ओळ तिकडे जाते, काम तिकडे होतं, उत्तर तेवढं इथे दिसतं.”

“म्हणजे केबिन इथे आणि मोटर गच्चीवरच्या खोलीत.”

सूनबाई दोन क्षण पाहतच राहिली. हीच गोष्ट नवऱ्याला समजावताना तिचा एक रविवार खर्ची पडला होता.

“अगदी तस्संच! आणि आत्ता सगळ्या नोंदी तिकडच्या मेमरीत भरून ठेवल्यात. भरायलाच तास गेला. ही खिडकी मिटली की केबिन तुटली. नोंदी गेल्या, झालेलं काम गेलं, आणि मी पुन्हा अकरा दिवस रांगेत.”

“मग मिटायची कशाला?”

“मी नाही हो मिटत. तिथला राखणदार आहे ना, त्याचा नियम आहे. पंधरा मिनिटं कुणी काही दाबलं नाही, तर माणूस उठून गेला असं समजून तो बाहेर काढतो. तुम्ही फक्त दर दहा मिनिटांनी हे एंटर दाबायचं. बाकी कशाला हात लावू नका. मी तासाभरात आलेच.”

“दर दहा मिनिटांनी एक बटण,” लिफ्टमन म्हणाले. “सूनबाई, मी एका तासात दोनशे दाबलेली आहेत.”

“म्हणून तर तुम्हाला सांगतेय,” ती म्हणाली आणि गाल धरून बाहेर पडली.

निघण्यापूर्वी तिने एक काम मात्र करून ठेवलं होतं. बोगद्यावरच्या सहाही पेट्यांची घड्याळं अर्धा तास मागे पडलेली होती. तेव्हा तिने एक ओळ लिहून सगळ्या नोंदी तीस मिनिटं पुढे सरकवल्या होत्या. त्याला तिकडे चार मिनिटं लागली आणि मग पडद्यावर उमटलं: “झालं. ४१,०६,२२८.” हे ‘झालं’ तिनेच हौसेने बसवलेलं होतं. यंत्र इंग्रजीत कुरकुरतं, निदान काम संपल्यावर तरी त्याने माणसासारखं बोलावं म्हणून.

लिफ्टमननी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ड्यूटीवर बसले. दहा मिनिटं झाली. त्यांनी एंटर दाबलं.

काही झालं नाही. चौकोन एक ओळ खाली उतरला, बस. घंटा नाही, दिवा नाही, दार उघडल्याचा आवाज नाही. लिफ्टमननी पडद्याकडे जरा वाकून पाहिलं. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा दाबलं. चौकोन पुन्हा एक ओळ उतरला. चाळीस वर्षांत त्यांनी असं बटण पाहिलं नव्हतं, की जे दाबलं आणि दाबलंच नाही यात फरक नाही. तिकडे पोचलं की नाही कुणास ठाऊक! राखणदार बसला असेल घड्याळ लावून. पंधरा मिनिटं भरली की काढलं बाहेर. आणि पोरगी तिकडे तोंड वासून खुर्चीत पडलेली.

तेवढ्यात त्यांची नजर कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे चार बाण होते. त्यातला एक वर जाणारा होता.

त्या बाणाशी लिफ्टमनचा चाळीस वर्षांचा घरोबा होता. बोट आपसूक गेलं असं म्हणावं, तर त्यात बोटावर अन्याय नाही. त्यांनी वरचा बाण दाबला. पडद्यावर एक अख्खी ओळ अवतरली. इंग्रजी होती, लांब होती, मध्येच ३० असा आकडा होता. आता काहीतरी आलंय म्हणजे पुढे धाडलं पाहिजे, म्हणून त्यांनी एंटर दाबलं. चौकोन थांबला. एक मिनिट, दोन, चार. आणि मग:

“झालं. ४१,०६,२२८.”

लिफ्टमनच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा तो भाव आला, जो सातव्या मजल्यावर केबिन फरशीला अगदी बरोबर टेकली की यायचा. याला म्हणतात बटण दाबणं! दाबलं, वर गेलं, पोचलं, आणि पोचल्याची घंटा वाजली.

त्यानंतर दर दहा मिनिटांनी, घड्याळाच्या काट्याला काटा लावून, ते वरचा बाण आणि एंटर असे दोन्ही दाबत राहिले. दर वेळी चार मिनिटांनी ‘झालं’ येई. लिफ्टमनही त्याला “हं, शाब्बास” म्हणत. दाढ मुळापासून वाकडी निघाली होती, त्यामुळे सूनबाईचा तास लांबत चालला. लिफ्टमन जागचे हलले नाहीत. चहासुद्धा केला नाही. त्या काळ्या खिडकीत वरचा बाण आधी लिहिलेली ओळ परत आणतो, हे त्यांच्या गावी नव्हतं. प्रत्येक ‘झालं’गणिक तिकडे दूर, थंडगार इमारतीत, नऊ हजार वटवाघळांची घड्याळं आणखी अर्ध्या तासाने पुढे सरकत होती.

दोन वाजता सूनबाई आली ती निम्म्या तोंडाने. उरलेलं निम्मं बधिर, त्यात कापसाचा बोळा, आणि गाल असा की ओळखीचा माणूसही आधी दुसरीकडे पाहील.

“छालू आहे?” तिने विचारलं.

“चालू आहे म्हणजे काय! एक मिनिट इकडचं तिकडे नाही.”

तिने पडद्यावर लुकलुकणारा चौकोन तेवढा पाहिला, हात जोडले आणि पुढच्या कामाची ओळ सोडली. लगेच पडद्यावर इशाऱ्यांच्या ओळी धबधब्यासारख्या कोसळू लागल्या. या इशाऱ्यांना त्या धंद्यात कुणी भीक घालत नाही. हे जुनं झालं, ते बदलणार आहे, अमुक वापरू नका. सहा पेट्या, चौदा महिने, त्यामुळे हजारो ओळी. त्या लोंढ्यात दुपारची सगळी ‘झालं’ वर वाहून दिसेनाशी झाली.

पावणेतीनला आलेख आला. सूनबाईने तो पाहिला, मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा पाहिला. वटवाघळं रात्री एक वाजून वीस मिनिटांनी बाहेर पडत होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला दहा कमी असताना घरी येत होती.

“शक्क नाई,” ती म्हणाली.

तीनला पडद्यावर दोन चौकटी उघडल्या. एकीत सूनबाईचे मार्गदर्शक सर, दुसरीत पुलाचे इंजिनीयर. लिफ्टमन मागे ओट्याशी आता चहा टाकत होते.

“रात्री एकला? वा!” इंजिनीयर आलेख पाहून म्हणाले. “म्हणजे सकाळी सहा ते साडेअकरा बोगदा रिकामा! मॅडम, तुम्ही तर आमची रात्रपाळीच वाचवलीत. मला वाटलं होतं, आता माणसांना रात्री जुंपावं लागतं की काय. उद्या सकाळी सहाला फवारा सुरू!”

“थांवा,” सूनबाई म्हणाली, “हे छुकलंय. घयाळ तपाशायला हवं.”

“तुम्ही बोलू नका, टाके तुटतील,” सर म्हणाले. “मी बोलतो. घड्याळाची दुरुस्ती सकाळी केलीत ना?”

तिने मान हलवली. शंका नको म्हणून आपल्या टिपणातली ती ओळही सगळ्यांसमोर पडद्यावर आणली. एकच ओळ, अर्धा तास. बरोबर होती.

“मग प्रश्न मिटला. एकेचाळीस लाख नोंदी खोटं बोलत नसतात. दिवसाढवळ्या परतणारी वटवाघळं! जगात कुणी नोंदवलेली नाहीत. माझ्या डोक्यात शोधनिबंधाचा मथळासुद्धा तयार आहे.”

सूनबाईने टाइप करून लिहिलं: “मला खात्री नाही. उद्या फवारा नको.” ते चौकटीच्या खाली कोपऱ्यात उमटलं. दोघांपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. इंजिनीयर कुणालातरी फोनवर सांगत होते की माणसं साडेपाचलाच गोळा करा.

ओट्याशी लिफ्टमनचा हात गाळणीसकट हवेतच राहिला होता. त्यांनी ती ओळ पाहिली होती. इंग्रजी, लांब, मध्येच ३०. हीच. हीच की ती, वर बाण दाबला की यायची! त्यांनी मनात हिशेब मांडला. एकदा दाबलं की अर्धा तास. आणि आपण किती दाबलं? एकदा दाबलं की यंत्राला कळतं, असं जन्मभर लोकांना ऐकवत आलेल्या माणसाने दुपारभर काय केलं होतं? कुटलं होतं.

चहा उतू गेला. लिफ्टमननी गॅस बंद केला. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. सूनबाईने स्वतः विचारलं होतं, चालू आहे ना, आणि आपण छाती फुगवून सांगितलं होतं. आता बोललं, तर पुन्हा या घरात आपल्याला दुधाकडे लक्ष ठेवायलाही कुणी सांगणार नाही. स्टूल एकदा उचललं गेलंच होतं, आता दुसऱ्यांदा. आणि नाही बोललं तर उद्या सकाळी सहाला सगळी मंडळी घरी झोपलेली असताना वर सिमेंट. नऊ हजारांपैकी एकाचाही आवाज कुणाला ऐकू येणार नाही.

ते टेबलाशी आले, सूनबाईच्या खांद्यावरून कॅमेऱ्यात वाकले. पडद्यावर त्यांचं नाक सगळ्यात आधी आलं.

“मी दाबलं,” ते म्हणाले.

“हे कोण?” इंजिनीयरांनी विचारलं.

“मी लिफ्टमन. म्हणजे सासरा. ही दाताला गेली होती. एंटर दाबायला मला बसवलं होतं. नुसतं एंटर दाबलं तर काही व्हायचं नाही हो, मग मी आधी वरचा बाण दाबत होतो. मग ही ओळ यायची. ही, तीसवाली.”

सूनबाईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बधिर अर्धा चेहरा शांत होता. दुसऱ्या अर्ध्यात मात्र बरंच काही चाललं होतं.

“आजोबा,” सर म्हणाले, “तुम्हाला यातलं काही कळतं का?”

“नाही ना. म्हणूनच दाबलं.”

“पण मी काय म्हणतो,” इंजिनीयर घाईने म्हणाले, “आकडे तर झकास आलेत. कशाला आता उकरायचं?”

“खिती वेळा?” सूनबाईने विचारलं.

“दहाएक. अकरा असतील. बारा काही नाहीत.”

दुसरी खिडकी उघडून तिने क्लस्टरच्या राखणदाराला निरोप टाकला. या राखणदाराला कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. तो एका शब्दात उत्तरं देतो आणि दुसरा शब्द काढून घ्यायला अर्ज करावा लागतो, अशी त्याची ख्याती होती. पण तिकडे कुणी कुठली ओळ कधी चालवली, याची बारीक नोंद त्याच्याकडे होती. तिने लिहिलं: “माझ्या खिडकीत साडेअकरानंतर घड्याळाची ओळ किती वेळा चालली? तातडीचं आहे.”

चार मिनिटं गेली.

“तेरा,” उत्तर आलं. आणि लगेच, कुणी अर्ज न करता: “कोण बसलं होतं?”

“सासरे.”

मग: “बरं.”

तेरा गुणिले अर्धा तास. सूनबाईने नवी ओळ लिहिली, साडेसहा तास मागे. एंटर दाबताना तिने आधी मागे वळून लिफ्टमनचे हात कुठे आहेत ते पाहिलं. ते पाठीमागे होते. चार मिनिटांनी ‘झालं’ आलं. या खेपेला लिफ्टमन त्याला काही बोलले नाहीत. आलेख पुन्हा उमटला: बाहेर संध्याकाळी सहा पन्नास, परत पहाटे पाच वीस.

इंजिनीयरांचा चेहरा हळूहळू उतरला. “म्हणजे रात्री?”

“राती,” सूनबाई म्हणाली.

“सगळंच काम? रात्रीच?”

तिने मान डोलावली. इंजिनीयरांनी फोन उचलला आणि साडेपाचला बोलावलेल्या माणसांना उद्या येऊ नका म्हणून सांगू लागले. पलीकडून जे ऐकू येत होतं, त्यावरून ती माणसं या बातमीवर नाराज नव्हती.

सर मात्र अजून मथळ्यातून बाहेर आलेले नव्हते. “पण आधी जे दिसलं,” ते जरा चाचरत म्हणाले, “ते दुपारी परतणं, ते मुळात काहीच नव्हतं का?”

“ते मी होतो,” लिफ्टमन म्हणाले.

चौकटी बंद झाल्या. चारला अठरा मिनिटं होती. आलेख आणि आकडे तिकडून इकडे उतरवून घेणं चालू होतं. ते संपेपर्यंत खिडकी जिवंत ठेवायला हवी होती, आणि सूनबाईच्या तोंडातला बोळा केव्हाच लाल झाला होता. ती उठली. लिफ्टमननीही ओळखलं, आता ती लॅपटॉप उचलून आपल्या खोलीत नेणार. नेणारच. त्यांनी तिच्यासाठी वाट मोकळी केली.

सूनबाई ओट्याशी गेली आणि लोणी लावायची सुरी घेऊन आली. कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात तिने सुरीचं टोक घातलं आणि वरचा बाण टक्कन उपटून काढला. दंतवैद्याने दिलेल्या डबीत, दाढेशेजारी, तो टाकला आणि डबी खिशात ठेवली. मग खुर्ची सरकवून लिफ्टमनपुढे केली.

“वसा,” ती म्हणाली. “धा मिंटांनी एकदा. नुछतं एंटर.”

“अगं, पण मी…”

“फाफा, माझं तोंड दुखतंय. वसा.”

ते बसले. ती न्हाणीघरात गेली, नळ सुरू झाला. लिफ्टमननी शर्टाचं वरचं बटण पुन्हा लावलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घड्याळाकडे पाहत राहिले. दहा मिनिटं झाल्यावर त्यांनी एक हात बाहेर काढला आणि एंटर दाबलं. चौकोन एक ओळ खाली उतरला. घंटा नाही, दिवा नाही, कुणी ‘झालं’ म्हणालं नाही.

“ठीक आहे?” आतून सूनबाईने विचारलं.

“काही होत नाहीये,” लिफ्टमननी वर्दी दिली.

“छान,” ती म्हणाली.